सोनटक्के सर आणि शेजारची खुर्ची

श्री. यशवंतराव सोनटक्के सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एका निर्जीव माणसाशेजारी तासभर बसले होते. गौरवग्रंथातल्या लेखाची अशी सुरुवात शोभत नाही, हे मला कळतं. पण संपादकांनी ‘प्रथम परिचयापासून आरंभ करावा’ असं कळवलं आहे आणि प्रथम परिचय असाच झाला, त्याला माझा इलाज नाही.

दोह्याच्या उत्तरेला रास लफानच्या वायू प्रकल्पात मी नाशिकहून नुकतीच रुजू झाले होते. नव्या माणसाला प्रकल्पाच्या आत पाऊल टाकण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि ते सर द्यायचे. कंपनीची बस भल्या पहाटे निघे, त्यामुळे वर्ग अर्धा झोपेत. मागच्या बाकावर एक जागा दिसली, तिथे बसले. शेजारी एक गृहस्थ होते. अंगभर निळा कव्हरऑल, हेल्मेट, गॉगल, तोंडावर मुखवटा, दोन्ही हात मांडीवर. मी ‘एक्सक्यूज मी’ म्हणून सरकून बसले. मध्ये माझं पेन चालेना म्हणून त्यांच्याकडे पेन मागितलं. त्यांनी मानही वळवली नाही. मनात म्हटलं, शिष्ट दिसतोय मेला.

तास संपताना सरांनी फळ्याकडे पाठ केली आणि विचारलं, ‘‘या खोलीत एक माणूस मघापासून एकदाही हललेला नाही. कोणाच्या लक्षात आलं?’’ कोणाच्याच आलं नव्हतं. सर सावकाश मागे आले, माझ्या शेजाऱ्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, आणि ते गृहस्थ अलगद माझ्या अंगावर कलंडले. तो बचावाच्या सरावाचा पुतळा होता, वजनाने पुरा माणसाएवढा. मी जी किंकाळी फोडली ती म्हणे शेजारच्या वर्गापर्यंत गेली.

सर हसले नाहीत. पुतळ्याला त्यांनी काळजीने सरळ बसवलं आणि म्हणाले, ‘‘विषारी वायूने माणूस दर वेळी धाडकन पडत नाही. कधी कधी नुसता बसून राहतो. शेजारच्याला वाटतं, दमला असेल.’’ मग त्यांनी त्या वायूची गोष्ट सांगितली. जमिनीखालून येणाऱ्या गॅसमध्ये हा वायू मिसळलेला असतो, त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. ‘‘वास आला की निघा,’’ सर म्हणाले, ‘‘आणि येता येता वास एकदम थांबला, तर मात्र पळा. हवा सुधारली असं समजू नका. हा वायू वाढला की तो आधी नाक मारतो. माणसाला वाटतं, चला, बरं झालं, गेला वास. तिथेच माणसं दगावतात.’’

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या आहे. पुढे त्यांच्याच विभागात आले, त्यांच्याच वर्गात शिकवू लागले, आणि पहाटे लवकर जाऊन त्या पुतळ्याला बाकावर बसवण्याचं कामही माझ्याकडे आलं. रिकाम्या वर्गात दिवे लावण्याआधी त्याच्याकडे पाठ करायला मला आजही आवडत नाही.

सरांच्या कामाबद्दल इतर सहकारी अधिकाराने लिहितील. मी एवढंच सांगेन की त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस खोलीत शिरला की आधी माणसं बघतो, मग यंत्रं. हे त्यांनी ओरडून शिकवलं नाही. सरांचा आवाज मुळातच खालचा. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की दोनदा खाकरायचं, चष्मा वर सरकवायचा आणि मग शेवटचा शब्द जरा लांबवत वाक्य टाकायचं, ही त्यांची लकब. त्यांच्या त्या खाकरण्याची नक्कल आमच्या विभागात फिलिपिनो टेक्निशियनसुद्धा करतात.

माणूस म्हणून सर कसे आहेत? माझी आई गेली तेव्हा मला त्या दिवसाचं तिकीट मिळेना. नवरा शिफ्टवर. सर आणि उमाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दोह्यातल्या अल थुमामा वस्तीतल्या आमच्या घरी आले. काकू माझ्याजवळ बसल्या. सर स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी साठलेली सगळी भांडी घासली, मग पुसली, मग पुन्हा घासली. त्यांना सांत्वनाचं बोलता येत नाही. निघताना म्हणाले, ‘‘कढईचा दांडा ढिला झालाय, लक्ष ठेव.’’ मला त्या वाक्याने जेवढा धीर आला तेवढा दुसऱ्या कशाने आला नाही.

सरांच्या घरचा गणपती हा दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळींचा हक्काचा. घरातल्या पूजेला इथे कोणी हरकत घेत नाही, पण आपण परक्या मुलुखात आहोत, पायरी ओळखून राहावं, ही सगळ्यांची समजूत. म्हणून पडदे ओढलेले, चपला आत घेतलेल्या, टाळ नाही, झांज नाही. टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत, तळव्यावर तळवा टेकवायचा. आणि आरती कुजबुजत म्हणायची. नव्या माणसाच्या अंगावर पहिल्या वेळी काटा येतो. दिवाणखाना भरून माणसं, सगळ्यांची तोंडं पूर्ण उघडलेली, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाज फक्त वाळू सरकावी तसा. एकटे परभणीकडचे ज्ञानोबा, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, यांना ते जमायचं नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांचा पहाडी आवाज उसळायचा, मग बायका ‘शू:’ करायच्या आणि ज्ञानोबा ओशाळून तोंडावर हात धरायचे.

आता मी जे लिहिणार आहे ते सरांनी लिहायला सांगितलं आहे. किंबहुना ते आलं नाही तर हा ग्रंथच नको, अशी त्यांची अट आहे.

मी आले त्या वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाला, सरांच्या घरामागच्या व्हिलात ज्ञानोबा आणि आणखी काही जण राहायचे. ड्रायव्हर, वेल्डर, फिटर. बायकामुलं गावी. इथे अशा माणसांना ‘बॅचलर’ म्हणतात, मग त्याला नातवंडं का असेनात. कुटुंबं राहतात त्या वस्तीत बॅचलरांनी राहू नये असा नियम आहे. तोवर कोणी बोललं नव्हतं इतकंच. मग कोणाला त्यांच्या दोरीवरची लुंगी खुपली, कोणाला त्यांचं फाटकाशी उभं राहणं. सरांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. चहा झाला. सर दोनदा खाकरले, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘माणसं वाईट नाहीत हो... पण आपल्यात नकोत.’’

सगळ्यांना हायसं वाटलं. इतकं सभ्य वाक्य! कोणाला शिवी नाही, कोणावर आरोप नाही. तक्रार गेली आणि आठवड्याभरात ती मंडळी लांब औद्योगिक वस्तीत हलवली गेली. कधी गेली ते कोणी पाहिलं नाही. सकाळी व्हिला रिकामा होता आणि मागच्या दोरीवर एक फिकट शर्ट राहिला होता, बाह्यांना चिमटे लावलेला. तो कोणीच काढला नाही. वारा आला की तो हात वर करी, वारा पडला की खाली सोडी. धुळीच्या दिवसांत तर गल्लीतलं काहीच दिसायचं नाही, फक्त तो हलताना दिसायचा. पुढच्या गणपतीला आरती एका सुरात कुजबुजली गेली, कोणाला ‘शू:’ करावं लागलं नाही.

त्या बैठकीत कोपऱ्यातल्या टेबलाशी सरांचा मुलगा निखिल गृहपाठ करत होता. शाळकरी वयाचा, शांत, चष्मेवाला. इथल्या सगळ्या मुलांसारखाच, मराठी समजायचं पण उत्तर इंग्रजीत. त्याच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला उघडायची.

निखिल पुढे शिकायला युरोपात गेला आणि तिथेच राहिला. देशाचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते हल्ली तिकडच्या बऱ्याच देशांत घडतं. काही वर्षांनी त्याने आईवडिलांना सांगितलं की त्याला मुली आवडत नाहीत, यान नावाचा मुलगा आवडतो, आणि त्या देशात दोघांना लग्न करता येतं. काकूंनी आधी विचारलं, ‘‘तो जेवतो काय?’’ सर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज केला. लग्नाला दोघं गेले, सरांनी साक्षीदार म्हणून सही केली. काकू म्हणतात, ‘‘त्याला सून म्हणावं की जावई, पंचाईतच आहे. मी ‘आमचा यान’ म्हणते.’’

हे मला सरांनी समैस्माच्या किनाऱ्यावर सांगितलं. हिवाळ्यातली सकाळ, दाट धुकं, ओहोटीने समुद्र इतका मागे गेलेला की पाणी दिसतच नव्हतं. धुक्यात कुठेतरी मुलं खेळत होती. नुसते आवाज येत होते, माणूस एक दिसत नव्हता. काकू आणि माझा नवरा गाडीपाशी डबे काढत होते. ‘‘घरात हे बोलायला होत नाही,’’ सर म्हणाले. ‘‘या देशात हे बोलायची सोय नाही, आणि आपल्या मंडळींपुढेही नाही. पण मला खरं काय टोचतं सांगू? आम्ही इतकी वर्षं पडदे ओढून कुजबुजत आरती म्हटली. तो पोरगा त्याच घरात वाढला. आपलं असेल ते पडदे ओढून जगायचं, हे त्याला वेगळं शिकवावं लागलंच नाही.’’ मी त्यांना डब्यातला मेथीचा पराठा दिला, त्यांनी तो हातात धरून ठेवला.

यंदा सर साठीचे झाले. आखातात साठ म्हणजे खलास. नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपतो, मग तुम्ही अर्धं आयुष्य इथे घातलेलं असो. निखिलने आईवडिलांना कायमचं आपल्याकडे नेण्याची खटपट दोन वर्षं आधीच सुरू केली होती. काकूंनी तिकडच्या थंडीसाठी मोजे विणले, यानसाठी जरा मोठे.

आणि मग एका संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर चार-पाच पोरांनी निखिल आणि यानला गाठलं. हातात हात होता, एवढंच निमित्त. निखिलचा समोरचा दात पडला, यानच्या बरगडीला मार लागला. ती पोरं बाहेरून आलेल्यांच्या वस्तीतली होती. निखिल हादरला. ज्या एका देशात त्याने पडदा बाजूला केला होता, तिथेच हे झालं होतं. त्या दिवसांत त्याच्याकडे एक पक्ष आला. त्या पक्षाचे पुढारी पूर्वी अशा लग्नांच्या नावाने नाकं मुरडत. आता तेच म्हणत होते की आमचा देश तुमच्यासारख्यांना जपतो, हे बाहेरचे तुम्हाला जगू देणार नाहीत, तेव्हा त्यांना थांबवायला आम्हाला मत द्या. निखिल त्यांच्या सभांना जाऊ लागला, दारोदार त्यांची पत्रकं वाटू लागला. सभेत त्याला पुढे उभं करत. रंग सावळा, नवरा गोरा, समोरचा दात पडलेला. त्यांना याहून चांगलं काय हवं होतं!

मला राग येतो. तेव्हाही आला होता. त्या पोरांचा आलाच, पण त्यांच्यापेक्षा जास्त त्या पुढाऱ्यांचा आला, ज्यांनी एका घाबरलेल्या माणसाच्या जखमेचा झेंडा केला. मारणाऱ्याला शिक्षा व्हावी. त्याच्या गल्लीतल्या आजीबाईला, दुकानदाराला, कालच उतरलेल्या नर्सला कशाला? बरं, बाहेरच्यांच्या नावाने शंख करणारे आपल्याकडेही थोडेथोडके नाहीत, त्यामुळे पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांनी फार पुढे सरसावू नये. पण निखिलची भीती खोटी नव्हती, हेही मला कबूल करावं लागतं. ज्याचा दात पडतो त्याला शहाणपण सांगणं सोपं असतं.

सरांच्या दृष्टीने तिढा वेगळाच होता. त्या पक्षाच्या कार्यक्रमात एक कलम असंही होतं की बाहेरून आलेल्यांनी आपले म्हातारे आईवडील यापुढे आणू नयेत. म्हणजे मुलगा ज्यासाठी दारं ठोठावत फिरत होता, त्यातून बंद होणारं पहिलं दार त्याच्याच आईबापांचं होतं.

एका शुक्रवारी जेवणानंतर मी सरांकडे बसले होते. काकू कलिंगड कापत होत्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर निखिलचा व्हिडिओ कॉल चालू होता, नेहमीसारखा इंग्रजीत. सर मराठीत विचारत होते. ‘‘त्या पोरांना शिक्षा होऊ दे. पण बाकीच्यांनी काय केलं? आणि आम्ही कोण मग? आम्हीही बाहेरचेच ना?’’

‘‘बाबा, यू आर डिफरंट,’’ निखिल म्हणाला. मग त्याने नजर बाजूला वळवली. दोनदा खाकरला. चष्मा वर सरकवला. आणि ज्या मुलाच्या तोंडून मी कधी सलग मराठी वाक्य ऐकलं नव्हतं, तो स्वच्छ, संथ मराठीत, शब्द लांबवत म्हणाला, ‘‘माणसं वाईट नाहीत हो... पण आपल्यात नकोत.’’

आवाज सरांचा होता. त्याच्या आवाजात साम्य होतं असं मी म्हणत नाही. सर सोफ्यावर ओठ मिटून बसले होते आणि त्यांचा तरुणपणचा आवाज भिंतीतून येत होता. काकूंची सुरी कलिंगडात अडकून राहिली. वडिलांशी बोलताना कोणी असा चारचौघांतला ‘हो’ लावतं का? ते वाक्य वडिलांशी बोलायचं नव्हतंच. ते त्या जुन्या बैठकीतल्या मंडळींना उद्देशून होतं, आणि ती मंडळी जणू अजून आमच्यामागे चहाचे कप घेऊन बसली होती. मी मागे वळून पाहिलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. निखिलला मात्र आपण काही विशेष बोललो असं वाटलं नव्हतं. तो पुढे इंग्रजीत हवामानाबद्दल बोलू लागला.

कॉल संपल्यावर सरांनी उठून पडदा बंद केला. मग म्हणाले, ‘‘अनघा, वास थांबलाय.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून निखिलला फोन लावला आणि मला थांबायला सांगितलं, बहुधा धीर सुटू नये म्हणून. गुरूने आपली चूक कशी सांगावी याचा तो धडा होता, म्हणून इथे नोंदवते. खाकरणं नाही, चष्मा नाही. ‘‘निखिल, काल तू बोललास ते वाक्य तुझं नाही. माझं आहे. मागच्या व्हिलातल्या माणसांना मी त्या वाक्याने घालवलं. त्यांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. ज्ञानोबा आपल्याकडे आरतीला यायचे, तेही त्यांच्यात होते. मी चुकलो. तू ते वाक्य माझ्याकडून घेतलंस, ते मला परत दे.’’

मग निखिल मराठीत बोलू लागला, तुटक, शब्द शोधत, आणि या वेळी आवाज त्याचा स्वतःचा होता.

‘‘बाबा, तो शर्ट आठवतो? माझ्या खिडकीतून दिसायचा. मला तो माणूस वाटायचा. मला तेव्हा माझ्याबद्दल कळलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मी रोज झोपताना... मला वाटायचं, यांना कळलं की सगळे चहा पितील, तुम्ही खाकराल, आणि म्हणाल, मुलगा वाईट नाही हो. मग सकाळी मी नसेन. माझा शर्ट असेल फक्त.’’

काकूंनी पदर तोंडात कोंबला. निखिल पुढे म्हणाला, ‘‘मग मी ठरवलं, आपण नेहमी चहा पिणाऱ्यांत असायचं. म्हणजे सेफ.’’

सरांना मी रडताना तेव्हा एकदाच पाहिलं. हे इथे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, ‘‘लिही. नाहीतर काय, माझी वक्तशीरता लिहिणार?’’

निखिलने पुढे मत कोणाला दिलं ते मला ठाऊक नाही. सरांनीही विचारलेलं नाही. पत्रकं वाटणं त्याने थांबवलं एवढं यान काकूंना फोनवर सांगून गेला. पक्षाला मिळायचं होतं तेवढं यश मिळालंच, आणि आईवडिलांचा अर्ज तिकडे लोंबकळत पडला. सर आणि काकू पुण्याला परतायचं ठरवून सामान बांधू लागले. मोजे काकूंनी पोस्टाने पाठवले.

मग या ग्रंथाची समिती बसली. ग्रंथात कुटुंबाचं छायाचित्र हवं होतं, आणि सरांनी दिलं त्यात काकूंच्या खांद्यावर हात ठेवून यान उभा होता. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ, मनाने अगदी सज्जन, दोनदा खाकरले. शपथेवर सांगते, खाकरले. म्हणाले, ‘‘मुलं वाईट नाहीत हो... पण पुस्तकात नकोत.’’ त्या गृहस्थांनी ते मूळ वाक्य कधी ऐकलेलं असण्याची शक्यता नव्हती. तेव्हा ते मस्कतला होते.

सर शांतपणे म्हणाले, ‘‘तुम्हाला भीती वाटते का? इथल्या कायद्याची, लोकांची? वाटणारच, मलाही वाटते. मग ‘भीती वाटते’ म्हणा. भीतीवर उपाय काढता येतो. ‘नकोत’ म्हणू नका.’’ गृहस्थ म्हणाले, ‘‘वाटते भीती.’’ मग उपाय निघाला. ग्रंथ पुण्यात छापायचा, सर परतल्यावर तिथेच प्रकाशित करायचा, छायाचित्र जसंच्या तसं. दोह्याला परतताना माझ्या सामानात त्याची प्रत नसेल.

निघण्याआधी सरांची साठी शांत मात्र अल थुमामाच्या घरीच झाली. निखिल आला, एकटा. यानने येणं शहाणपणाचं नव्हतं. सरांनी औद्योगिक वस्तीत जाऊन ज्ञानोबांना शोधून आणलं होतं. त्यांचे केस आता पांढरे झालेत. सरांनी माफी मागितली तेव्हा ते म्हणाले होते, ‘‘लई जुनं झालं ते, सायेब. आरती कदी हाय ते सांगा.’’

पडदे ओढलेले होते. निखिलच्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली होती आणि सगळे तिला वळसा घालून जात होते, नव्या माणसाने बसायला जावं तर कोणीतरी त्याचा हात धरत होतं. निखिलने ज्ञानोबांना त्या शर्टाबद्दल विचारलं. ‘‘काका, तो तुमचा होता का?’’

‘‘न्हाई बाळा,’’ ज्ञानोबा म्हणाले. ‘‘आमी समद्यांनी एकमेकाला इच्यारलं हुतं. कुनाचाच नव्हता त्यो. आमाला वाटलं, तुमच्यातल्याच कुनाचातरी आसंल.’’

काकूंनी साठ दिव्यांचं ताट उचललं.

सरांना ओवाळून झालं. काकू वळल्या, निखिलला ओवाळलं, आणि मग रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन तितक्याच सावकाश ताट फिरवलं. ज्योती सगळ्या एकदम खुर्चीकडे झुकल्या, कोणीतरी श्वास आत घ्यावा तशा. एसीचा झोत असेल. पण एसी समोरच्या भिंतीवर आहे. सर पाटावरून उठले आणि वर्गातल्यासारखं विचारलं, ‘‘या खोलीत एक माणूस मघापासून हललेला नाही, कारण आपण त्याला येऊ दिलेलं नाही. कोणाच्या लक्षात आलं?’’

या वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. समितीतल्या त्या ज्येष्ठ गृहस्थांनी सर्वांत आधी हात वर केला. मग आरती सुरू झाली, कुजबुजत. दुसऱ्या कडव्याला ज्ञानोबांचा आवाज उसळला आणि कोणीही ‘शू:’ केलं नाही.

हा ग्रंथ हाती घेऊन जे सभागृहात बसले असतील, त्यांना एक सांगणं. पहिल्या रांगेत निखिलच्या शेजारी उंच, तांबूस दाढीचे गृहस्थ बसलेले दिसतील, पायात बहुधा काकूंनी विणलेले मोजे. ते हलतील, घाबरू नका. त्यांना ‘चहा घेणार का’ एवढं मराठी येतं, तेवढ्यावर बरीच ओळख होऊ शकते. आणि हो, बसण्यापूर्वी आपल्याही शेजारी कोण आहे ते नीट पाहून घ्या.

सर, परमेश्वराने तुम्हाला आणि काकूंना शतायुषी करावं. गुडघे, डोळे, कान वयाप्रमाणे थोडे कमीजास्त झाले तरी चालतील. तुमचं नाक मात्र शेवटपर्यंत शाबूत राहो, आणि ज्या दिवशी आमचं जाईल त्या दिवशी आम्हाला ‘पळा’ म्हणायला तुम्ही असा.